राजवाडा वगळून दक्षिण जर्मनी

दक्षिण जर्मनीला निघालोय असं कुणालाही सांगा, समोरचा पहिलं नाव घेतो नॉयश्वानस्टाइनचं. कड्यावरचा तो पांढराशुभ्र किल्ला कॅलेंडरांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर आपण इतका पाहिलेला असतो की तो न पाहता परत येणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल चुकवणं. पण बरोबर चार वर्षांची मुलगी असेल तर हिशोब निराळा मांडावा लागतो. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की तिकीट वाया. पायथ्यापासून अर्ध्या-पाऊण तासाची चढण, बाबागाडीला आत मज्जाव, मग गटागटाने अर्ध्या तासात खोल्या उरकायच्या. आणि एवढं करून किल्ला काही जुना नाही. दुसऱ्या लुडविगने तो बांधायला घेतला 1869 साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावायला लागून सोळा वर्षं झाल्यावर. जून 1886 मध्ये राजा श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला आणि सात आठवड्यांत सरकारने किल्ला तिकीट लावून लोकांना खुला केला. तेव्हापासून तो पर्यटनाचाच धंदा आहे. आमच्या यादीतून मी तो खोडला.

किल्ला वगळल्यावर नकाशा मोकळा झाला. नवऱ्याने आणि मी एकच नियम केला: जिथे मुलीला हात लावता येईल, चढता येईल किंवा पळता येईल असंच गाव घ्यायचं, आणि गाडीतला टप्पा शक्यतो तास-दीड तासाचा. मोटार भाड्याने घ्यायची नाही, कारण मुलाला कारसीटमध्ये बांधून ऑटोबानवर रडू देण्यापेक्षा आगगाडीत फिरू देणं केव्हाही बरं. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीत लहान मुलांसाठी वेगळा कप्पा राखता येतो, आणि तिकीट तपासणारे काका मुलांच्या हातात त्यांचं म्हणून एक खोटं तिकीट ठेवतात. आमच्या लेकीने ते झोपतानासुद्धा सोडलं नाही. मार्ग ठरला तो असा: म्युनिक, आउग्सबुर्ग, उल्म, गींगेन, नॉर्डलिंगन, न्यूरेंबर्ग. व्हिसा, विमा आणि कागदपत्रांबद्दल लिहीत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त सुरुवात लवकर करावी.

म्युनिकला आम्ही जेट लॅग उतरेपर्यंतच थांबलो. मारीएनप्लात्झवर नगरभवनाच्या मनोऱ्यातल्या बाहुल्या सकाळी अकराला नाचतात. वरच्या मजल्यावर 1568 सालचं राजघराण्यातलं लग्न आणि घोडेस्वारांची भाल्यांची झुंज, खाली पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. मोठ्यांना ते फार संथ वाटतं, चार वर्षांच्या माणसाला अगदी बरोबर वेगाचं वाटतं.

खरा प्रवास सुरू झाला आउग्सबुर्गला. पंधराव्या-सोळाव्या शतकात हे युरोपातल्या पैशाचं एक मोठं ठाणं होतं. याकोब फुगरने टायरॉलच्या चांदीवर आणि हंगेरीच्या तांब्यावर पैसा केला, आणि 1519 साली पाचव्या कार्लला सम्राटपदी निवडून आणायला जे कर्ज लागलं त्यातलं बरंचसं याने दिलं. त्याच आउग्सबुर्गच्या पैशाची नजर मिरीवरही होती. 1505 मध्ये फ्रान्सिस्कु द आल्मेडा पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघाला, तेव्हा त्याच्या ताफ्यातली तीन जहाजं वेल्सर, फुगर वगैरे जर्मन व्यापाऱ्यांच्या भांडवलावर गेली होती. वेल्सरांतर्फे गेलेल्या बाल्थाझार श्प्रेंगरने परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं, आणि आउग्सबुर्गच्या हान्स बुर्गक्माइरने त्या सफरीवरून कोचीनच्या राजाची मिरवणूक लाकडी ठशात कोरली. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच गावचा फर्डिनांड क्रोन या व्यापाऱ्यांचा गुमास्ता म्हणून गोव्यात जाऊन राहिला. आपल्याकडे शाळेत पोर्तुगीज शिकवतात, त्यांच्यामागचे सावकार शिकवत नाहीत.

त्या सावकाराने 1521 मध्ये गरजूंसाठी वसवलेली फुगराय ही वस्ती आजही नांदती आहे. पिवळ्या भिंतींची, वेली चढलेली दुमजली घरं, सरळ गल्ल्या, मध्ये कारंजं. राहायला अटी तीन: आउग्सबुर्गचा रहिवासी, कॅथलिक आणि गरजू. वार्षिक भाडं एक ऱ्हाइनिश गुल्डन होतं, तेच आज 88 सेंट आहे; महिन्याचं नव्हे, वर्षाचं. त्याशिवाय फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. मोत्झार्टचे पणजोबा गवंडी होते, तेही इथेच राहत. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग कोसळला. ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली.

हे सगळं मी वाचत होते तेव्हा लेक दारांच्या घंटा बघत होती. प्रत्येक दाराशी घंटा ओढायची लोखंडी मूठ आहे आणि प्रत्येक मुठीचा आकार निराळा: कुठे त्रिदल पान, कुठे देवदाराचं फळ, कुठे नुसता वळवलेला लोखंडी पीळ. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात घरी येणाऱ्याने मूठ चाचपून आपलं दार ओळखायचं. घंटा ओढायला अर्थातच परवानगी नाही, आत माणसं राहतात. पण डोळे मिटून हात फिरवायला कुणी हरकत घेतली नाही, आणि त्या गल्लीचा इतिहास तिला माझ्याआधी कळला. फाटक रात्री दहाला बंद होतं. उशिरा येणारा रहिवासी रखवालदाराला पन्नास सेंट देतो, मध्यरात्र उलटली तर एक युरो. पाचशे वर्षांच्या संस्थेने शिस्तीसाठी लावलेला हा दंड मला फार आवडला.

संध्याकाळी कळसूत्री बाहुल्यांचं नाटक. वाल्टर एमिशेनचं आधीचं बाहुलीनाट्य 1944 च्या आगीत जळलं. त्याने 1948 मध्ये पुन्हा उभं केलं ते आउग्सबुर्गर पुपेनकिस्टे. पुढे टीव्हीवरून त्या बाहुल्या घरोघर पोचल्या. एक शब्द न कळता लेक तासभर हलली नाही. तिकिटं मात्र फार आधी काढावी लागतात.

उल्म डॅन्यूबच्या काठी आहे. नदीपलीकडचं नॉय-उल्म बायर्न राज्यात, अलीकडचं उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. बायर्नचं दिवसभराचं स्वस्त तिकीट उल्मपर्यंतच चालतं, हे लक्षात ठेवावं. उल्मच्या मोठ्या चर्चचा पाया 1377 चा. काम 1543 मध्ये थांबलं ते तीनशे वर्षं थांबलंच, आणि कळस पुरा झाला 1890 मध्ये. उंची 161.5 मीटर, पायऱ्या 768. त्या आम्ही खालून मोजायच्या सोडून दिल्या आणि चिमणी शोधत फिरलो. कारण उल्मची देवता म्हणा, मानचिन्ह म्हणा, चिमणी आहे. कथा अशी की चर्चसाठी आणलेली लांबलचक तुळई गावकऱ्यांनी आडवी धरली आणि ती वेशीतून जाईना. आता वेसच पाडणार, एवढ्यात एक चिमणी घरट्यासाठी काडी घेऊन आली आणि तिने ती सरळ करून फटीतून आत नेली. चर्चच्या छतावर चिमणी, चौकात चिमणी, बिस्किटावर चिमणी. चिऊ-काऊच्या घासांवर वाढलेल्या मुलीला आइनस्टाइन याच गावी जन्मला हे सांगण्यात अर्थ नव्हता. तसाही तो सव्वा वर्षाचा असताना घरच्यांनी गाव सोडलं.

गींगेनला उतरायचं ते श्टाइफ या खेळण्यांच्या कारखान्यासाठी. मार्गारेटं श्टाइफचा जन्म इथे 1847 मध्ये झाला. दीड वर्षाची असताना पोलिओ, पुढे आयुष्यभर चाकाची खुर्ची आणि उजव्या हातात जोर नाही. शिवणयंत्राचं चाक उजवीकडे असतं, म्हणून तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चालवलं. 1880 च्या सुमारास तिने जाड लोकरी कापडाचा छोटा हत्ती शिवला, टाचण्या खोचायला. मुलांनी तो खेळायला पळवला, आणि तिथून कारखाना. टेडी बेअर नंतरचा. तिच्या भाच्याने केलेली तीन हजार अस्वलं 1903 च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन खरेदीदाराने मागवली. संग्रहालय जरा जास्तच गोड आहे आणि बाहेर पडायची वाट दुकानातून आहे. खिसा सांभाळा.

तिथून आलेन, आणि आलेनला गाडी बदलून नॉर्डलिंगन. कुणी मला या सगळ्यातलं एकच गाव निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. गावाभोवतीची तटबंदी अखंड आहे, सुमारे पावणेतीन किलोमीटर, आणि वर छप्पर असलेल्या लाकडी सज्जातून पुरी प्रदक्षिणा घालता येते. तिकीट नाही, रांग नाही, पाऊस आला तरी अडत नाही. एका बाजूला बाण-बंदुकीच्या फटी, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसदारातले वाळत घातलेले कपडे. लेक प्रत्येक फटीतून बाहेर डोकावत गेली आणि शत्रू आला का, ते ओरडून सांगत राहिली. 1634 मध्ये खरोखर आला होता. तीस वर्षांच्या युद्धातली एक मोठी लढाई याच गावाबाहेर झाली आणि स्वीडिश फौज तीत पार मोडली.

पण नॉर्डलिंगनचं खरं आश्चर्य तटाच्याही खाली आहे. गाव वसलंय ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या विवरात. त्या रीस विवराचा व्यास 24 किलोमीटरच्या आसपास, म्हणून आत उभं राहून ते दिसत नाही. दिसते फक्त क्षितिजावर गोल फिरलेली टेकड्यांची कड. लोक त्याला ज्वालामुखी समजत होते. 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज दाखवलं, जे प्रचंड आघाताच्या दाबाशिवाय असं तयार होत नाही, आणि वाद मिटला. लोणारची गोष्ट याच वळणाची: तेही आधी ज्वालामुखीच्या खाती जमा होतं, सत्तरच्या दशकात अशनीचं ठरलं. फरक आकाराचा; लोणारचा व्यास 1.8 किलोमीटर, म्हणून काठावर उभं राहिलं की पुरं नजरेत मावतं. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी रीसमध्ये आले होते.

गावातलं संत गेओर्गचं चर्च त्याच आघातात बनलेल्या दगडाचं आहे. भिंतीला नाक लावून बघा: राखाडी दगडात काळसर, काचेसारखे ओघळ गोठलेले दिसतात. ती वितळलेली जमीन. त्या दगडात हिऱ्यांचे कणही आहेत, पण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. हे सांगितल्यावर लेकीने बराच वेळ भिंत नखाने खरवडली.

शेवटी न्यूरेंबर्ग. 7 डिसेंबर 1835 रोजी जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी इथून शेजारच्या फ्युर्टला गेली, सहाएक किलोमीटर. आडलर हे इंजिन इंग्लंडमधल्या स्टीव्हनसनच्या कारखान्यातून सुटं करून खोक्यांत आलं, आणि ते चालवायला विल्यम विल्सनही तिथूनच आला. त्याचा पगार रेल्वेच्या संचालकापेक्षा जास्त होता म्हणतात. रेल्वे संग्रहालयात आडलरची प्रतिकृती बघून लेक खूश. त्याच इमारतीत पुढच्या दालनात त्याच रेल्वेने ज्यूंना छळछावण्यांकडे कसं नेलं तेही मांडलेलं आहे. तिथे आम्ही आळीपाळीने गेलो.

न्यूरेंबर्गची खेळणीसुद्धा या इतिहासातून सुटत नाहीत. पत्र्याच्या किल्लीवाल्या मोटारी इथून जगभर जात. त्यातल्या टिप आणि कंपनीचा ज्यू मालक फिलिप उलमान 1933 मध्ये देश सोडून इंग्लंडला गेला आणि तिथे त्याने मेटॉय काढली. साठ-सत्तरच्या दशकात मुलांच्या हाती असलेल्या कॉर्गी मोटारी त्याच मेटॉयच्या.

जाणार असाल तर मे-जून गाठा. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, मूल झोपत नाही, हे धरून चाला. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध, केळी, ब्रेड शनिवारी घेऊन ठेवा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस गाडीतल्या टप्प्याला द्या. आणि न्यूरेंबर्गचं नाझी सभांचं मैदान वगळू नका: ते डुत्सेन्डटाइख तळ्याच्या काठीच आहे, एकाने मैदान बघावं, दुसऱ्याने मुलाबरोबर बदकं बघावीत, मग अदलाबदल करावी.