अनाथोथचे शेत आणि आमचे व्हिजन बोर्ड



जानेवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही तरुण संघाच्या मुलांना घेऊन व्हिजन बोर्ड करायला बसलो. कल्पना मुलांची, त्यांनी ती मोबाईलवर पाहिली होती. पुठ्ठे, जुनी मासिके, कात्र्या आणि फेव्हिकॉल एवढे सामान. पुढच्या पाच वर्षांत काय हवे त्याची चित्रे कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि रोज डोळ्यांसमोर राहतील अशी टांगायची. दोन तासांत बारा बोर्ड तयार झाले. कॅनडातला बर्फ होता, पांढरी मोटार होती, आणि बंगला तर बाराही बोर्डांवर होता. वरच्या कोपऱ्यात बहुतेकांनी यिर्मया 29:11 लिहिले होते, देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत ते वचन. ते आम्हीच सुचवले होते, हे आधीच कबूल करतो.

फेब्रुवारीत आमच्यापैकी चौघे एका लग्नाला निसरपूरला गेलो. खेतिया, बडवानी करत नर्मदा ओलांडली की धार जिल्ह्यातले, कुक्षी तालुक्यातले हे गाव लागते. आता गाव म्हणजे उंचावरची नवी वसाहत. जुने निसरपूर, आसपासच्या खेड्यांची ती भरलेली बाजारपेठ, सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेले. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा गल्ल्यांतून आणि दुकानांतून पाणी उभे राहिले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीच्या लोकांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींचे माहेर खानदेशातले, त्यामुळे मराठी ऐकून त्यांना फार बरे वाटले. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही हौसेने मोबाईलवर मुलांच्या बोर्डांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट पाहिला. मग उठून बायबल आणले आणि त्यातून घड्यांवर फाटत आलेला एक कागद काढला.

वसाहतीच्या प्लॉटांच्या नकाशाची ती झेरॉक्स होती. लवादाने 1979 च्या निवाड्यात विस्थापित कुटुंबाला घरासाठी 60 फूट बाय 90 फुटांचा प्लॉट ठरवला होता, तसे चौकोन ओळीने आखलेले. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने एक यादी होती: दाराची चौकट, कौले, जाते, पाटा, कढीपत्त्याचे रोप, सासऱ्यांचा फोटो. आणि पुढच्या बाजूला, त्यांच्या प्लॉटच्या आजूबाजूच्या चौकोनांत, चार नावे. जुन्या गल्लीतल्या चार शेजारणींची.

“हे काय, आजी?”

“तुमच्या पोरांसारखंच की,” त्या म्हणाल्या. “पाणी येणार हे कळलं होतं. मग काय न्यायचं, आणि शेजार कुणाचा असावा, ते लिहून ठेवलं. रोज प्रार्थनेत काढायचे.”

आम्ही मोबाईल हळूच खिशात टाकला.

परत येताना गाडीत यिर्मयाचा 29 वा अध्याय पहिल्यापासून वाचला. आम्ही सगळे लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेलो, पण अकरावे वचन कुणाला लिहिले आहे याचा विचार असा कधी केला नव्हता. ते पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलास नेलेल्या लोकांना पाठवलेले. ज्यांचे घर, शेत, मंदिर मागे राहिले, त्यांना. आणि त्या वचनाच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याहून आधी देव त्यांना कामे सांगतो: जिथे आहात तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात बंदिवान आहात त्या शहराचे भले इच्छून त्याच्यासाठी प्रार्थना करा. पाच ते दहा ही वचने गाळून आम्ही मुलांना फक्त अकरावे दिले होते.

योजना करण्यात पाप आहे असे कुणी यातून काढू नये. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचे उदाहरण प्रभूनेच दिले आहे. पण चित्राकडे रोज एकटक पाहिले की विश्व ती वस्तू आपल्याकडे ओढून आणते, अशी जी शिकवण या बोर्डांबरोबर घरात शिरते, ती आमच्या मते प्रार्थनेच्या जागी जादू बसवते. आणखी एक गोष्ट आम्हाला निसरपूरने दाखवली. एखाद्याचा आराखडा दुसऱ्याच्या घरातून जातो. सरदार सरोवराची पायाभरणी 5 एप्रिल 1961 ची. कागदावरची ती पाण्याची रेषा आजींच्या गल्लीपर्यंत पोचायला अठ्ठावन्न वर्षे लागली. आमच्या बारा बोर्डांवर कॅनडा होता, पण मागे राहणाऱ्या आईवडिलांचे चित्र एकावरही नव्हते.

यिर्मयाने स्वतःही एक योजना कागदावर उतरवली होती, ती 32 व्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने शहराला वेढा घातलेला, तो स्वतः पहाऱ्यात कोंडलेला, आणि अशा वेळी त्याने चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले. साक्षीदार बोलावले, खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीला पूर्ण भाव देणारा माणूस शेजाऱ्यांना वेडाच वाटला असेल. पुन्हा या देशात घरे-शेते विकत घेतली जातील, हा देवाचा शब्द त्याच्याकडे होता, म्हणून त्याने पैसे मोजले.

हाच अध्याय पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात येतो. 1896 साली लोणावळ्याच्या शिबिरात त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. या संख्येचा वर्ग कर, पंधराच्या दोनशे पंचवीस कर, अशी त्यांनी देवाकडे मागणी केली. त्या वेळी आपल्याला याच 32 व्या अध्यायातले, देवाला काही अशक्य आहे काय असे विचारणारे वचन मिळाले, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. पुढे काही महिन्यांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवा आणल्या: उपाशी, आजारी, अंगावर धड वस्त्र नसलेल्या. केडगावची जमीन फळबागेसाठी घेतलेली, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. आकडा मागितल्याहून मोठा आला, आणि त्याबरोबर कष्टही आले. त्यांच्या बोर्डवर दुष्काळाचे चित्र नक्कीच नसणार.

पुढच्या शनिवारी आम्ही मुलांसमोर आधी आमची चूक मांडली, मग दोन्ही अध्याय वाचले आणि नवे पुठ्ठे दिले. सगळे सरळ झाले असे नाही. दोघांनी बंगला पुन्हा चिकटवला आणि त्यावर बराच वाद झाला. “गरिबाने बंगल्याचं स्वप्नही बघायचं नाही का?” असे एकाने विचारले. तो भाड्याच्या एका खोलीत पाच माणसांत राहतो. त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. बंगला राहू दिला. एका मुलीने आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लिहिली. एकाने नर्सिंगच्या प्रवेशाची फी महिन्यावार मांडली आणि खाली, यात मंडळी किती मदत करील, असे प्रश्नचिन्ह टाकले. ते प्रश्नचिन्ह आता पाळकसाहेबांच्या टेबलावर आहे.

निघता निघता सर्वांत लहान मुलीने विचारले, “आजींना त्या चार शेजारणी मिळाल्या का?”

आम्ही आजींना फोन लावला. एक शेजारच्याच प्लॉटमध्ये आहे. एक वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, तरी दुपारी काठी टेकत येते. एक मुलाकडे गुजरातला गेली. चौथी पाणी येण्याआधीच वारली. तिचे नाव कागदावरून खोडलेले नाही, असे आजी म्हणाल्या, आणि कढीपत्ता आता कौलांच्या वर गेला आहे.