अंबाडी नाक्यावरचे त्रेचाळीस रुपये

भिवंडी सोडून वाड्याच्या रस्त्याला लागले की वीस-एक किलोमीटरवर अंबाडी येते. गाव थोडे आत आहे. प्रवाशाला दिसतो तो नाका. येथून एक वाट वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटते आणि पुढे शिरसाडला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळते. दुसरी सरळ कुडूसवरून वाड्याला जाते. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी जिला नवस केला असे सांगतात, त्या वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघालेले भाविक, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर स्नानाला जाणारी कुटुंबे, वाड्याकडून येणारा तांदूळ आणि अलीकडे गोदामांकडे वळणारे लांबलचक कंटेनर, या सर्वांची गाठ या नाक्यावर पडते. रस्त्यातील खड्ड्यांविषयी या भागातील लोक ज्या आत्मीयतेने बोलतात, ती ऐकण्यासारखी असते.

गेल्या पर्युषणानंतर मी तेथे गेलो तो दर्शनासाठी नव्हे, स्नानासाठीही नव्हे. अंबाडी नाक्यावर माझे त्रेचाळीस रुपये देणे होते. ते १९७८ पासून थकले होते.

आमचे घर घोडनदीचे. कापडाचे दुकान आजोबांपासून चालत आलेले. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात एक वर्ष नापास आणि स्वतःच्या बुद्धीविषयी मात्र निःशंक. बाबूजी मापून बोलत, मापून कापड फाडत आणि मापूनच उधारी देत. मला ते सारे क्षुद्र वाटे. दुकानात येणाऱ्या बिलांवर भिवंडीचे नाव असे. ज्या गावाहून कापडाच्या गाठी येतात तेथेच जाऊन दलाली केली तर वर्षभरात बाबूजींना तोंडात बोट घालायला लावीन, असा हिशेब मी मांडला. आषाढातल्या एका पहाटे गल्ल्यातून सहाशे रुपये काढले, आईच्या उशाखाली चिठ्ठी ठेवली आणि पुण्याची एस.टी. पकडली. चिठ्ठीत ‘स्वकर्तृत्व’ हा शब्द दोनदा आला होता, एवढे आठवते.

भिवंडी डोळ्यांआधी कानांना कळते. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खटखट अहोरात्र चाललेली. नव्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि महिन्याने गावी गेल्यावर शांततेत झोप लागत नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे हातमाग मांडले, पुढे विसाव्या शतकात त्यांच्या जागी यंत्रमाग आले. आपल्या समाजाचाही या गावाशी संबंध जुना आहे. जामनगरकडील हालार सोडून निघालेल्या विसा ओसवाळ बांधवांपैकी काही मोंबासा-नैरोबीला गेले, काहींनी भिवंडीत बस्तान बसविले. म्हणजे दूर जाऊन नशीब काढलेल्या माणसांचेच ते गाव. मात्र ती माणसे ओळखीचा कागद, नात्याची ओसरी आणि नोकरीची पाच-सात वर्षे यांच्या पायऱ्यांनी वर चढली होती, हे मला कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

पंधरा दिवसांत मी फेंटची, म्हणजे कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, एक गाठ घेतली. वरचे तुकडे हात लावून पाहिले. आत हात घालावा हे सुचले नाही. बाबूजी गाठ नेहमी मधून फोडून पाहत, ही गोष्ट मला गाठ उघडल्यावर आठवली. आतला माल भिजून काळा पडला होता. विकणाऱ्याकडे धावलो तर फळी लावलेली, आणि शेजारच्यांना तो कोण हेही ठाऊक नव्हते. चारशे साठ रुपये गेले. उरलेल्यातून खोलीचे भाडे दिले. मग एका गृहस्थांनी चहा पाजला आणि वाड्याकडील एका भातगिरणीत वही लिहिणारा माणूस हवा असल्याचे सांगितले. ‘सोय लावण्याचे’ वीस रुपये घेऊन चिठ्ठी दिली. मी तेथे पोहोचलो तेव्हा गिरणीवाल्याने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली आणि मला पाणी दिले. तोच त्या सगळ्या प्रवासातला प्रामाणिक व्यवहार.

परतताना ट्रकवाल्याने अंबाडी नाक्यावर उतरविले, कारण भाड्याचे पैसे संपले होते. श्रावणातली संध्याकाळ होती आणि तानसेला पूर आला होता. कुडाच्या भिंतीचे एक हॉटेल उघडे होते. तेथे मी जन्मात प्रथमच सूर्यास्तानंतर आणि प्रथमच बटाटा खाल्ला. तीन वडे. चव उत्तम होती, हे कबूल केले पाहिजे. प्रतिक्रमणात ते एक पाप मी आजवर थोड्या संकोचाने आठवतो.

पैसे नाहीत हे सांगताना मी रडलो. हॉटेल चालविणारी मावशी पन्नाशीची होती. तिने नाव-गाव विचारले. वडाभर तोंड असताना मी जैन आहे हे सांगणे मोठे कठीण होते. ती म्हणाली, “वाण्याचा पोर ना तू? मंग आमच्या बोंबलाच्या तव्यावरचं कसं खाशील?” दुसऱ्या दिवशी तिने एक नवे मडके काढले. त्यात कांद्या-लसणाशिवाय वरण आणि वेगळ्या भांड्यात भात, तोही दिवे लागायच्या आत. तिला कोणी असे सांगितलेले नव्हते. नाक्यावर बाजारहाटाला येणाऱ्या वाण्यांच्या वागण्यावरून तिने ते टिपले होते.

तिला लिहिता येत नव्हते. उधारीचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी, आणि पावसाने भिंत ओली झाली की गिऱ्हाईकाच्या शब्दावर विश्वास ठेवी. मी तिला वही घालून दिली. प्रत्येकाचे पान, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, बाबूजींच्या पेढीत होते तसेच. ट्रकवाले, एस.टी.चे वाहक, जंगलखात्याचा पहारेकरी, सगळ्यांची पाने झाली. शेवटचे पान माझे. रोजच्या जेवणाचे पैसे मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावावर टाकीत होतो. हॉटेलात मी पाणी भरत असे, बशा विसळत असे. त्याचे पैसे ती वळते करून घेईना. “काम तू मला शिकवल्याबद्दल,” म्हणे. कोण कोणाला शिकवत होते, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

संवत्सरीला मी उपवास केला आणि संध्याकाळी पोस्टकार्ड लिहिले. क्षमापनेच्या नेहमीच्या ओळीखाली फक्त पत्ता: अंबाडी नाका, तालुका भिवंडी. पाचव्या दिवशी बाबूजी दारात उभे. रागावले नाहीत. मावशीला नमस्कार करून त्यांनी विचारले, “मुलाचे काही देणे आहे का?” तिने माझ्याकडे पाहिले. वही माझ्या हातात होती. देणे सांगायचे म्हणजे येथे जेवलो हे सांगायचे, बोंबलांच्या चुलीशेजारी जेवलो हे सांगायचे आणि विचारलेच तर वड्यांचेही सांगायचे. मी म्हणालो, “काही नाही.” ती गप्प राहिली. वही फळीवर ठेवून मी बाबूजींच्या मागून एस.टी.त चढलो.

बाबूजी गेल्यावर त्यांची पेटी आवरताना ते पोस्टकार्ड सापडले. मागे त्यांच्या बारीक अक्षरात खर्च मांडला होता: घोडनदी ते अंबाडी जाणे-येणे, दोघांचे परतीचे भाडे, चहा. सगळे आण्या-पैशांपर्यंत. त्यात त्रेचाळीस रुपये कोठे नव्हते.

म्हणून गेलो. नाका ओळखू आला नाही. कुडाच्या जागी सिमेंटचे दुकान, वर फ्लेक्सचा फलक, बाहेर पत्र्याची शेड. मालकीणबाई आत होत्या. वाट पाहत बसलो तेव्हा समोर विशीचा एक मुलगा वडापाव खात होता. गोदामात माल चढवण्याचे काम मिळेल म्हणून आला होता, ज्याने बोलावले त्याचा फोन बंद होता. गाव विचारले. म्हणाला, जौनपूर.

जौनपूर म्हटल्यावर मला एकच माणूस आठवतो. कविवर बनारसीदास, ‘समयसार नाटक’ लिहिणारे. त्यांचे ‘अर्धकथानक’ पंडित नाथूराम प्रेमींनी मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मी तिशीत वाचले आणि पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. श्रीमाळ कुळातल्या या जवाहिऱ्याच्या मुलाचा जन्म जौनपूरचा, १५८६ चा. तरुणपणी प्रेमप्रकरणे आणि कविता, दोन्हींचे वेड. बापाचे माणिक चोरून उडवणे. एका संन्याशाने मंत्र दिला, वर्षभर गुप्तपणे जपला तर रोज दारात सोन्याचे नाणे सापडेल; बनारसीदासांनी वर्षभर जपला. (माझे वीस रुपये त्या मानाने स्वस्त.) १६१० मध्ये वडील खरगसेन यांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्याला व्यापाराला धाडले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पाऊस. कोणी आसरा देईना. शेवटी एका झोपडीत दुसऱ्याच्या खाटेखाली झोपून रात्र काढली. आग्र्यात काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली ती कोठे तरी गळाली, काहींची पुरचुंडी उंदरांनी पळवली. एक दागिना ज्याला विकला त्याचे दिवाळे निघाले. घरातले विकून खाण्याची पाळी आली तेव्हा हा माणूस रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवत बसे. दहा-वीस श्रोते जमत.

त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास रोज त्याच्याकडे उधारीवर कचोऱ्या खात. काही काळाने त्यांनीच त्याला एकांतात सांगितले की पुढे उधारी देऊ नकोस, माझ्याकडे देण्यासारखे काही नाही. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, चिंता करू नका. सहा-सात महिन्यांनी हिशेब झाला तो चौदा रुपयांचा. बनारसीदासांनी तो फेडला. हे सारे त्यांनी १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लिहून ठेवले. माणसाचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरून हे अर्धे कथानक. एवढे नुकसान सोसलेल्या, पुढे अध्यात्मात मोठे नाव झालेल्या माणसाने कचोऱ्यांचा आकडा विसरू नये, यानेच मला त्या दिवशी बसवून ठेवले होते. त्यांनी खिसा रिकामा असल्याचे कचोरीवाल्याला आपण होऊन सांगितले. मला तर बाबूजींनी विचारले होते.

समोरच्या मुलाला मी बनारसीदासांविषयी विचारले. त्याने नाव ऐकले नव्हते. “बनारसचे का?” त्याने विचारले, आणि दुसरा वडा घेतला.

मालकीणबाई बाहेर आल्या. मावशीची धाकटी सून. सासूबाई जाऊन अकरा वर्षे झाली म्हणाल्या. मी नाव सांगितले, वहीचे सांगितले. त्या हसल्या. “ते वहीवाले तुम्ही? सासूबाई सांगायच्या, एक वाण्याचा पोर वही लावून गेला. ती मोडक्या पाठीची वही कितीतरी वरीस चालली.”

“त्यांनी माझ्या पानाचे काही सांगितले होते?”

“पानाचं नाय. पोर घरी पोचला का, तेवढं विचारायच्या कुणी घोडनदीकडचा ट्रकवाला आला की.”

मी पाचशेची नोट पुढे केली. त्रेचाळीस रुपये, म्हणालो, आणि बाकीचे इतक्या वर्षांचे. त्यांनी नोट घेतली नाही. मी ती टेबलावर ठेवली. तेव्हा त्या गंभीर झाल्या, नोट उचलून गल्ल्याकडे गेल्या, आणि तेथेच टांगलेली हल्लीची वही काढून कोऱ्या पानावर मला नाव लिहायला सांगितले. मी लिहिले. डावीकडे नावे त्रेचाळीस, उजवीकडे जमा त्रेचाळीस. त्या माझ्या लिहिण्याकडे पाहत होत्या. मग गल्ल्यातून दोनशेच्या दोन नोटा, एक पन्नासाची, पाचाचे एक नाणे आणि दोन रुपयांचे एक नाणे काढून त्यांनी माझ्या हातावर मोजून ठेवले.

“चारशे सत्तावन्न. मोजून घ्या, बाबा.”

मी मोजून घेतले. जौनपूरचा मुलगा हात धुऊन आला आणि त्या त्याचे पान काढू लागल्या.