तळ्यातली तोफबाजी

वीकेण्डला काय करता? मॉल, मूव्ही, फार तर लोणावळा. टेक्सासमध्ये डलासच्या बाहेर काही मंडळी सकाळी सकाळी एका साध्याशा तळ्यावर जमतात आणि दिवसभर एकमेकांच्या बोटी बुडवतात!

हा खेळ मूळचा टेक्सासचाच, १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली एखादी खरीखुरी युद्धनौका निवडायची, १:१४४ या प्रमाणात बनवायची आणि रिमोटवर लढवायची. तोफांमधून गॅसच्या दाबानं चक्क स्टीलच्या बारीक गोळ्या सुटतात. बोटीच्या बाजू मात्र पातळ बाल्सा लाकडाच्या. भोक पडायला हवं ना! म्हणून काठावर गॉगल कम्पल्सरी.

माझा मावसभाऊ तिथे 'बिस्मार्क' घेऊन उतरतो. खरी बिस्मार्क २५१ मीटर लांब, १९४१ साली अटलांटिकमध्ये बुडालेली. दादाची पावणेदोन मीटरची. पण खरी गंमत वजनात आहे. लांबी १४४ पटींनी कमी होते, तर वजन जवळजवळ ३० लाख पटींनी! म्हणजे ५० हजार टनांचं धूड १७ किलोंवर येतं. बॅटरी, गॅसची बाटली, मोटर, पंप, तोफा, सगळं त्यातच बसवायचं. वर बोट रेषेला रेष लावून तरंगायला हवी, तसूभरही न कलता.

"जड ते तळाला, हलकं ते वर," दादाचा मंत्र. बॅटऱ्या तळाशी, वरचे बुरूज हलक्या प्लास्टिकचे. घरच्या बाथटबमध्ये बोट सोडून, शिशाचे तुकडे इकडून तिकडे सरकवत त्यानं कित्येक रात्री काढल्यात. "आमच्याकडे आंघोळीला नंबर लावावा लागतो," इति वहिनी.

एवढं करून गेल्या मोसमात बोट उलटलीच. भोकं मोजून चार! आत शिरलेलं पाणी एका बाजूला धावलं, बोट कलली, कलली म्हणून आणखी पाणी तिकडेच गेलं. खेळ खल्लास. वर्षभराची मेहनत, आणि बुडाली ती शत्रूमुळे नाही, स्वतःच्या तोलामुळे. हे त्याला फार लागलं होतं. यंदा त्यानं तळ दोन्हीकडून भरून घेतला आणि मधोमध एक अरुंद पन्हळ ठेवली. पाणी त्यातूनच थेट पंपाकडे जाणार.

मी पाहिलेल्या लढाईत दोन क्रूझर्सनी बिस्मार्कला कोंडीत पकडलं. टक् टक् टक्! पंपाची पिचकारी उडत होती, बोट इंचाइंचानं खाली जात होती, पण कलत नव्हती. शेवटी सरळच्या सरळ तळाला गेली. वर फक्त दोरीला बांधलेला फ्लोट.

"पाहिलंस? सरळ बुडाली!" दादा काठावर नाचत होता. मी लग्नातही त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

दोरी ओढून बोट वर काढायची, पाणी ओतायचं, भोकांना ठिगळं लावायची, की दुपारच्या राउंडला तय्यार. कधी तिकडे गेलात तर टोपी, पाण्याची बाटली आणि फोल्डिंगची खुर्ची न्या. आणि हो, हरलेल्याला 'सो सॅड' म्हणू नका. बुडाली कशी, ते विचारा.