शेततळ्याचा कागद आणि चार दोर



डाळिंबाच्या छाटणीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या खेपेला. आज शेततळ्याबद्दल लिहितो. कारण मागच्या महिन्यात मी माझ्याच तळ्यात पडलो. वाचलो म्हणून हे लिहितोय.

झालं असं. सकाळी आठचा सुमार. मोटर पाणी कमी ओढायला लागली म्हणून फूटव्हॉल्व्हला शेवाळ अडकलंय का बघायला गेलो. तळं काठापासून पाचेक फूट खाली गेलेलं. म्हणजे उतारावर सात फूट कागद उघडा. एक पाय कागदावर टेकवून पाईप ओढत होतो. पाय सटकला आणि काही कळायच्या आत पाण्यात.

मला पोहता येतं. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकलोय. नंतर वीस-वीस फुटांवरून मुटका मारायचो. त्यामुळं पहिल्यांदा भीती वाटली नाही, उलट हसू आलं. पोहत काठाला आलो, हात टेकला, पाय लावला आणि परत खाली. दुसऱ्यांदा तेच. पाण्याच्या रेषेला कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. त्यावर बोट ठरत नाही, गुडघा ठरत नाही, नख लागत नाही. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथंही तेच. कोपऱ्यात गेलो, दोन्ही उतारांना हात लावून बघितलं, तेच. ओरडलो, तर मोटर चालू. घरची मंडळी खालच्या पट्टीत. फोन खिशात, म्हणजे पाण्यात.

पंधरा-वीस मिनिटांत दम गेला. मग डोक्यात आलं की सक्शन पाईप वरच्या खुंटाला तारेनं बांधलाय. त्याला मिठी मारून, पोटावर सरपटत वर आलो. खुंट उपटला असता किंवा तार तुटली असती तर हे लिहायला मी नसतो.

वर येऊन बांधावर बसलो आणि पहिला विचार आला तो नातीचा. आठ वर्षांची आहे. सुट्टीत आली की तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकायला एकटी पळते.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. पाणी साठवायचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आणलं. गळती कमी केली, खर्च कमी केला. पण प्रत्येक सुधारणेत पाण्यातून माणसानं बाहेर यायची वाट बारीक होत गेली आणि शेवटी बंदच झाली.

जुन्या विहिरी आठवा. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ मध्ये, वीरूबाईंनी बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून ते नाव. दगडी काम अजून शाबूत आहे. पण मला तिथं लक्षात राहिलं ते पाण्यापर्यंत गेलेला रुंद जिना. बांधणाऱ्यानं पाणी वर काढायचा विचार केला तसा माणसानं खाली जाऊन वर यायचाही केला. आपल्याकडच्या साध्या विहिरींनाही भिंतीतून बाहेर काढलेले दगड असायचे, पाय देत देत वर यायला. ते काही शोभेसाठी नव्हते.

तेव्हा सांध्यात चुना असायचा. चुन्याची घाणी बैलांनी फिरवून चुना मळायचा, त्यात विटेची भुकटी, गूळ, हिरडा असं काहीबाही पडायचं. मग सिमेंट आलं. सिमेंटच्या हौदाच्या भिंती सरळ आणि गुळगुळीत, पण बहुतेक हौद कमरेएवढे, नाहीतर कोपऱ्यात दोन पायऱ्या असायच्या. मोठं तळं सिमेंटचं करणं साध्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतंच. शिवाय काळ्या रानात जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. तिच्यावर सिमेंटचा पातळ थर टिकत नाही, तोही तडकतो.

मग आला प्लास्टिकचा कागद. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, खोदाईला ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. तेव्हा आमच्या भागात शिवारं तळ्यांनी भरून गेली. आमचं सांगोल्याकडचं रान मुरमाड. कागदाशिवाय तळं म्हणजे चाळणी. कागदानं आमच्या बागा जगवल्या हे मी कधीच नाकारणार नाही. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि एकास एक उतार असं तळं घेतलं तर २,१९६ घनमीटर पाणी बसतं. म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. टँकरच्या भाषेत, दहा हजार लिटरचे २२० टँकर. हे सगळं पाणी धरून ठेवतो तो कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे जाडी फक्त अर्धा मिलिमीटर.

यात्रेला भावकीतला एक पुतण्या आला होता. पुण्यात स्विमिंग पूलच्या कामावर मिस्त्री आहे. त्याला तळं दाखवलं, पडल्याचं सांगितलं. त्यानं जे सांगितलं ते ऐकून वाटलं, आपलं आणि त्याचं काम एकच आहे.

पूलमध्ये आधी काँक्रीटचं भांडं. मग वॉटरप्रूफिंग. मग पाणी भरून काही दिवस ठेवायचं आणि पातळी उतरते का बघायचं. गळत नाही याची खात्री झाल्यावरच वरचं फिनिशिंग. पूर्वी पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराची भुकटी घालून घोटलेला गिलावा करायचे, नंतर बारीक काचेच्या टाइल्स आल्या. काही ठिकाणी तर आपल्यासारखाच प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो म्हणाला, "तात्या, लोकांना वाटतं निळी टाइल पाणी धरते. टाइल फक्त दिसते. पाणी धरतं ते खालचं काम. खाली चूक असली की वरचं कितीही भारी लावा, फुटणार."

हे तर माझ्या पहिल्या तळ्याचंच वर्णन. तेव्हा मी पैसे वाचवायला पातळ कागद घेतला आणि खालची जमीन नीट केली नाही. पोकलेननं खोदलं, वरवर दगड वेचले, अंथरला कागद. तिसऱ्या उन्हाळ्यात मुरमाचा एक धारदार खडा खालून वर आला आणि ऐन गरजेला तळं रिकामं. कागदवाल्याला शिव्या घातल्या, पण चूक माझी होती. आता करणाऱ्यांसाठी खालच्या कामाचं थोडक्यात लिहितो.

उतार आणि तळ हातानं साफ करायचा. दगड, मुळ्या, जुनी खोडं काढायची. उंदराची, खेकड्याची बिळं उकरून, माती कुटून बंद करायची. मग चाळलेल्या मऊ मातीचा थर, पाणी मारून दाबलेला. अनवाणी पायानं सगळीकडं चालून बघायचं. पायाला टोचलं तर कागदालाही टोचणार. बांधाची भर एकदम ओतायची नाही. थरानं टाकायची, दाबायची, नाहीतर पहिल्या पावसात बांध बसतो आणि कागद ताणला जातो.

कागद भर दुपारी ताणून लावायचा नाही. प्लास्टिक उन्हानं वाढतं आणि गारव्यानं आक्रसतं. ३० मीटरच्या पट्टीत सकाळ-दुपारच्या तापमानात चार बोटांहून जास्त फरक पडतो. म्हणून ऊन कमी असताना, थोडा सैल सोडूनच अंथरायचा. जोड मशीननं दुहेरी मारतात. दोन जोडांच्या मधल्या पोकळीत हवा भरून गळते का बघता येतं. ते समोर उभं राहून करून घ्यायचं. वरच्या कडा चरात घालून मातीनं गाडायच्या.

पुतण्यानं आणखी एक सांगितलं. खाली पाणी असताना पूल पूर्ण रिकामा करत नाहीत, कारण जमिनीतलं पाणी खालून रेटा देतं आणि काँक्रीटचं भांडंसुद्धा उचलतं. आपल्याकडं कागद फुगतो तो असाच, खालचं पाणी नाहीतर हवा कोंडून. म्हणून तळं कधी कोरडं ठोक करू नये. फूट-दोन फूट पाणी राहू द्यावं. वाऱ्यानं कागद फडफडत नाही आणि तळाला उन्हापासूनही राखण राहते.

मग पुतण्या तळ्याभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "तात्या, शिडी कुठाय?"

मी गप्प.

"पूल पाच फुटांचा असला तरी शिडी असते. धरायला कडा असते. काठाची फरशी खरबरीत असते. किती खोल आहे ते भिंतीवर लिहिलेलं असतं. तुमचं तळं दहा फूट खोल, उतार बर्फासारखा, आणि धरायला काय? पाईप?"

मला बोलायला जागा नव्हती. पूलमध्ये माणूस उतरणार म्हणून शिडी. आपल्या तळ्यात कुणी उतरणार नाही असं आपण धरून चालतो. पण पडणारा काय ठरवून पडतो का?

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी जे केलं ते सांगतो.

चारी बाजूंना, चराच्या बाहेर घट्ट जमिनीत लोखंडी अँगल ठोकून सिमेंटनं पक्के केले. कागदातून काहीही ठोकलं नाही. प्रत्येक अँगलला अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर, २५ फुटांचा, फुटाफुटावर गाठ मारलेला. शेवटाला २० लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून. पाणी वर असो नाहीतर खाली, दोराचं टोक तरंगत राहतं आणि लांबून दिसतं. उन्हानं दोर कुजतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला अंगाचा भार देऊन ओढून बघायचा.

एका बाजूला जुन्या टायरची शिडी केली. टायर एकाखाली एक बांधून उतारावर सोडले. टायरमधली तार कागद कापू शकते, म्हणून खाली जुन्या कागदाचे दुहेरी तुकडे टाकले.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुंपण. चारी बाजूंनी जाळी आणि एक कुलपाचं फाटक. किल्ली घरात, लहान पोरांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला. दोर हा पडल्यावरचा उपाय आहे. लहान लेकरू दोर धरून वर येईल या भरवशावर राहू नका. त्याला तिथं पोचूच द्यायचं नाही. जाळीचा दुसरा फायदा असा की कुत्री, शेळ्या आत येत नाहीत आणि खुरांनी कागद फाटत नाही. जाळीला खर्च आला. पण दोर, कॅन, अँगल आणि टायर मिळून डाळिंबाच्या दोन-तीन कॅरेटच्या पैशात बसलं. ज्याला जाळी आज जमत नाही त्यानं आज निदान दोर तरी बांधावा.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी पडलेलं दिसलं तर मागं उडी मारायची नाही. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असं एकाच घरातली माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पोहता येणं इथं कामाला येत नाही, हे मी अनुभवानं सांगतोय. काठावर पालथं पडून दोर, ठिबकची नळी, साडी, जे असेल ते टाकायचं आणि आधी ओरडून माणसं जमवायची.

आपल्या पानावर कृषी खात्यातले साहेब लोकही आहेत. त्यांना हात जोडून एक विनंती. तळ्याची मापं घ्यायला याल तेव्हा लांबी-रुंदी-खोली बघता, कागदाची जाडी बघता, तसं दोर आणि कुंपण पण बघा. शेतकरी माझ्यासारखाच असतो. पाणी साठलं की त्याला वाटतं काम संपलं. तुम्ही एकदा विचारलं, "दोर कुठाय?" तर तो संध्याकाळी बांधेल.

परवा नात आली होती. फाटकाचं कुलूप बघून रुसली. मग तिला हाताला धरून आत नेलं, माशांना चुरमुरे टाकले आणि तो पिवळा कॅन कशासाठी तरंगतोय ते सांगितलं. तिनं विचारलं, "आजोबा, हे आधी का नव्हतं बांधलं?"

तिला काय उत्तर देऊ? तुम्ही आज तळ्यावर जाल तेव्हा बघा, तुमच्याकडं तरी आहे का.