हत्तीच्या नावाचा उंट

सूरह अल-आराफच्या ४०व्या आयतीत उंट आणि सुईचं नेढं येतं. उंट नेढ्यातून जाईल तेव्हाच आयतींना खोटं ठरवणारे गर्विष्ठ लोक जन्नतमध्ये जातील, असा तिचा आशय. इंजीलमध्ये हीच उपमा श्रीमंतांसाठी आहे. चौथ्या शतकात उल्फिला नावाच्या बिशपने इंजील गॉथिक भाषेत आणली. गॉथिक म्हणजे जर्मन-इंग्रजीची जुनी, आता मेलेली भाऊबंद. तिथे त्याने उंटासाठी शब्द वापरला ‘उल्बांडुस’.

गंमत अशी की बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ग्रीक-लॅटिनमधल्या ‘एलेफांट’शी जोडतात. म्हणजे हत्ती! यात उल्फिलाचा दोष नाही. जुन्या इंग्रजीत ‘ओल्फेंड’, जुन्या जर्मनमध्ये ‘ओल्बेंटा’, आणि आइसलँडमध्ये तर आजही उंटाला ‘उल्फाल्दी’च म्हणतात. सगळ्या भावंडांकडे आहे, तेव्हा घोटाळा उल्फिलाच्या आधीचाच असणार. मला वाटतं, ज्यांनी दोन्ही प्राणी पाहिलेच नव्हते त्यांच्या कानावर दूरदेशीच्या एका थोरल्या जनावराचं नाव आलं आणि ते दुसऱ्यालाच चिकटलं. रशियनांनी ‘वेर्ब्ल्यूद’ घेतला तोही याच शब्दावरून, असं मानतात.

पुढे इंग्रजी-जर्मनने लॅटिनमधून ‘कॅमल’, ‘कामेल’ घेतले. त्यांचं मूळ सेमिटिक. कुरआनच्या आयतीतला ‘जमल’ त्यांचा सख्खा नातलग. आपला उंट मात्र संस्कृत ‘उष्ट्र’वरून आलेला. मुसलमान म्हटलं की ज्यांना वाळवंट आठवतं, त्यांना हे सांगायला मला फार आवडतं.

आणि मराठीतून कुरआन वाचतो म्हटलं की आपल्यातलेच काही विचारतात, “का, उर्दू येत नाही?” जणू अरबी उर्दूत गेलं तर शाबूत राहतं आणि मराठीत आलं की पातळ होतं. अशा वेळी मला उल्फिला आठवतो. त्याचे पूर्वज आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पादोकियाचे. गॉथांनी धाड घालून त्यांना धरून नेलं होतं. त्या मुलखाला उंट नवा नव्हता आणि उल्फिलाला ग्रीक उत्तम येत होतं. समोरच्या ग्रीक पोथीत ‘कामेलोस’ हा नेमका शब्द होता, तो तसाच उचलता आला असता. त्याने लिहिलं ‘उल्बांडुस’, कारण ऐकणारे गॉथ होते आणि त्यांच्या घरात उंटाला तेच म्हणत.