रॉकेलचा भाव

सचोटी परवडते का, हे काही संशोधकांनी पाकिटं वाटून पाहिलं. ४० देशांतली ३५५ शहरं, सतरा हजारांवर पाकिटं. बँकेच्या, हॉटेलच्या, टपाल कचेरीच्या काउंटरवर जायचं, ‘रस्त्यात सापडलं, बघा जरा’ म्हणायचं आणि निघायचं. आरपार दिसणाऱ्या पाकिटात एक किल्ली, वाणसामानाची यादी, मालकाचं नाव आणि ईमेल, काहींत पैसेही. निकाल २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आला. बिनपैशांच्या पाकिटांपैकी ४० टक्के पाकिटांच्या मालकांना निरोप गेला. पैसे असलेल्यांत ५१ टक्के. मोह वाढला तशी सचोटीही वाढली!

पण पाकीट परत करणाऱ्याच्या वाटेत कुणी आडवं येत नाही.

मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे एका ढाब्यापाशी तेलाची भेसळ चालू असलेली पाहिली, जाब विचारला. भेसळ करणाऱ्या टोळीने त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी.

त्या भेसळीमागे साधा हिशेब होता: स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचं. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत, पण डिझेलचा भाव त्याच्या दुपटीहून जास्त. लिटरमागे पंधरा रुपये सुटतात असं धरलं, तरी बारा हजार लिटरच्या एका टँकरवर १ लाख ८० हजार. एवढ्या पैशापुढे निळ्या रंगाची काय मातब्बरी? पुढे २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढत गेला आणि काही वर्षांत अनुदान संपलं. कुणाचं मन पालटलं म्हणून नव्हे, भावातली ती तफावत मिटत गेली म्हणून या धंद्यातला मलिदा आटला. एकट्या अधिकाऱ्याने जिवावर उदार होऊन जे अडवायचं, ते दरपत्रकाला जमण्यासारखं होतं.

रस्त्यांच्या कंत्राटांना असं दरपत्रक नसतं. तिथे कुणीतरी बोलावंच लागतं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ साली थेट पंतप्रधानांना कळवले आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही. पुढच्याच वर्षी गयेत त्यांचा खून झाला; न्यायालयात तो लूटमारीतला खून ठरला. तरी नावाच्या गुप्ततेचा प्रश्न उरलाच. अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, २०१४ साली त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र पुढे कित्येक वर्षं निघाली नाही.