तिखल्याशेजारी वाइन

माझ्या भाचीला कोकणात मांडवीजवळ छोटं हॉटेल काढायचंय. पदार्थ घरचेच: गुरगुट्या भात, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, बांगड्याचं तिखलं. सोबत नाशिकची वाइन. बिअर आणि वाइनपुरता वेगळा परवाना मिळतो, त्याच्या कागदपत्रांमागे ती लागली आहे. कशाबरोबर काय द्यायचं हे ठरवायला चैत्रात एका संध्याकाळी तिनं आम्हा घरच्यांना आणि शेजारच्या काकूंना जेवायला बसवलं. स्वयंपाक माझ्याकडे होता.

“मावशी, पदार्थाचं रूप बदलायचं नाही,” एवढंच तिनं बजावलं. मला ते मनापासून पटलं. गुरगुट्या भात वाडग्यातच हवा, वर तूप वितळताना दिसायला हवं, मेतकूट ज्याचं त्यानं कालवायला हवं. थाट करायचा तो जिन्नसात. तूप घरी कढवलेलं, काजू त्याच सकाळी सोललेले. ओल्या काजूच्या चिकानं हाताची सालं निघतात, म्हणून सोलणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात. त्यांच्या कष्टांचा पुरेपूर मोबदला धरून उसळीची किंमत लावायला कुणी संकोचू नये, असं मी भाचीला सांगितलंय.

खरी रंगत आली तिखल्याला. भावोजींना लाल वाइन प्रिय. त्यांनी बांगड्यावर शिराझचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. शिळ्या मासळीसारखा वास आला म्हणाले. मी घेऊन पाहिला, तर तसंच. लाल वाइनमध्ये लोह जास्त असलं की माशातल्या तेलाशी त्याचं बिनसतं आणि हा वास सुटतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलंय. बांगडा तर तेलकट मासा. शिवाय लाल वाइनच्या तुरटपणानं मिरची आणखी झोंबते. मग थंडगार शेनिन ब्लां उघडली, किंचित गोडसर. तिरफळानं जीभ जराशी बधिर झालेली असते, तिला तो गारवा फार सुखावतो. आणि आमसुलाच्या आंबटापुढे वाइनलाही स्वतःचा आंबटपणा लागतो, नाहीतर ती पाणचट वाटते. शेनिनला तो आहे. भावोजींनी तिखलं पुन्हा वाढून घेतलं.

उसळीला सोव्हिन्यो ब्लां ठीक लागली. पिठल्याशी मात्र एकही वाइन जमली नाही. कुळीथ आणि लसणीची फोडणी यांना ताकच हवं, आणि सोलकढी समोर आली की पेला बाजूला ठेवावा, हे माझं ठाम मत. शेवटी खापरोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. त्यांच्यासोबत उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन घोटभर घेतली. तेवढी पुरते.

“ही नाशिकची झाली. आपली कुठली?” शेजारच्या काकूंनी विचारलं. हा प्रश्न माझ्या मनात कधीपासून आहे. नाशिकच्या वाइनला राज्य सरकारच्या २००१ च्या धोरणाचं पाठबळ मिळालं. आमच्याकडे याच दिवसांत काजूच्या बागांत बोंडूंचा सडा पडतो. बी काढून घ्यायची आणि बोंडू बहुतेक तिथंच कुजू द्यायचा. शेजारच्या गोव्यात त्याच फळाची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फेणी कडक, मला हवी आहे जेवणासोबत चालेल अशी हलकी वाइन. बोंडूपासून ती करता येते, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात बोंडूच्या रसावर कामही झालंय. अडचण आहे ती फळाच्या नाजूकपणाची. तोडलेला बोंडू दिवसभरात नासायला लागतो, तेव्हा रस काढण्याची सोय बागेजवळच हवी. गावोगावी अशी छोटी केंद्रं निघाली तर बागायतदाराला बीशिवाय फळाचेही पैसे मिळतील. ती निघावीत असं मला फार वाटतं.

भाचीनं यादीत तिखल्यापुढे शेनिन लिहिलं, पिठल्यापुढे ताक. बोंडूच्या वाइनची चौकशी करायला आम्ही दोघी दापोलीला जाणार आहोत, आंब्याची गडबड उरकली की.